नोंदणी न झालेले गहाणखत आणि न्यायालयातील पुरावा

विहिरीचे खोदकाम, बैलजोडीची खरेदी, मुलीचे लग्न किंवा घरातील दीर्घ आजार अशा प्रसंगी शेतकऱ्यास एकरकमी पैशाची निकड भासते आणि हाताशी असलेली जमीन गहाण टाकण्यावाचून त्यास गत्यंतर राहत नाही. गावातील चार माणसे बसतात, मुद्रांक आणला जातो, लिहिणारा मजकूर लिहितो, दोघे साक्षी सह्या करतात आणि कागद घडी होऊन पेटीत जातो. व्यवहार पुरा झाला असे उभयपक्षी समजले जाते. वस्तुतः तो तेथे अपुराच राहिलेला असतो. दहा-बारा वर्षांनी वाद उत्पन्न होऊन तोच कागद न्यायालयापुढे येतो तेव्हा पहिला प्रश्न निघतो तो मजकुराचा नव्हे. दस्त नोंदलेला आहे की नाही, हा. नाही असे उत्तर आले म्हणजे काय गमावले जाते आणि काय शिल्लक राहते, याची माहिती ग्रामसेवकांस व शेतकऱ्यांस असणे अगत्याचे आहे. कारण नोंदणी नसलेला कागद सर्वसमर्थ समजणे जसे चुकीचे, तसेच तो निरुपयोगी समजून चुलीत घालणेही चुकीचेच.

कायदा काय सांगतो

गहाणाचा मूळ कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. मुंबई इलाख्यात तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५८ मध्ये गहाणाचे प्रकार दिलेले आहेत. खेड्यात त्यांपैकी तीन प्रकार विशेष आढळतात. जमिनीचा ताबा ऋणकोकडेच राहून ती केवळ तारण राहते ते नजरगहाण. जमीन धनकोच्या ताब्यात जाऊन तिचे उत्पन्न तो व्याजापोटी किंवा मुद्दलापोटी घेतो ते ताबेगहाण. आणि अमुक मुदतीत पैसे परत केल्यास जमीन परत मिळेल अशा शर्तीने केलेली विक्री, म्हणजे मुदतखरेदी.

कलम ५९ असे सांगते की, ज्या गहाणाची मुद्दल रक्कम १०० रुपये किंवा अधिक आहे ते गहाण केवळ नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. त्या दस्तावर गहाण देणाऱ्याची सही आणि निदान दोन साक्षीदारांचे साक्षांकन असले पाहिजे. शंभर रुपयांची मर्यादा १८८२ साली मोठी होती. आज तेवढ्या रकमेसाठी कोणी जमीन गहाण टाकीत नाही, म्हणून प्रत्यक्षात प्रत्येक गहाणखत नोंदविणे भागच आहे. दस्तऐवज जमा करून केलेले गहाण तेवढे यास अपवाद आहे. परंतु ते मुंबईसारख्या, कायद्यात नमूद वा शासनाने अधिसूचित केलेल्या शहरांतच होऊ शकते आणि त्यासाठी मालकीचे मूळ दस्त जमा करावे लागतात. गावातल्या गावात सातबाऱ्याचा उतारा सावकाराच्या हवाली केल्याने कोणतेही गहाण होत नाही. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा दस्त नव्हे.

नोंदणी अधिनियम, १९०८ चे कलम ४९ या नियमाचा परिणाम सांगते. जो दस्त नोंदविणे सक्तीचे आहे तो नोंदविला नसेल तर त्यायोगे स्थावर मालमत्तेवर कोणताही हक्क उत्पन्न होत नाही, आणि त्या मालमत्तेवर परिणाम करणाऱ्या व्यवहाराचा पुरावा म्हणून तो स्वीकारला जात नाही.

येथे कोणी म्हणेल की, कागद बाजूस ठेवू आणि साक्षीदारांच्या तोंडी जबानीवरून गहाण सिद्ध करू. हाही मार्ग बंद आहे. व्यवहाराच्या अटी एकदा लेखी झाल्या, किंवा तो व्यवहार लेखी असणे कायद्यानेच आवश्यक केले, की त्या अटींबद्दल दस्ताखेरीज दुसरा पुरावा देता येत नाही. हा नियम पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ९१ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ मध्ये तोच कलम ९४ मध्ये आहे. अशा रीतीने कागद पुराव्यात येत नाही आणि कागदामुळे तोंडी पुरावाही येत नाही. साक्षीदार कितीही प्रामाणिक असोत व सगळा गाव एका तोंडाने बोलो, गहाण म्हणून गहाण सिद्ध होत नाही.

मुद्रांक, नोटरी आणि नोंदणी

खेड्यातील बहुतेक फसगत या तीन गोष्टींच्या गोंधळातून होते. मुद्रांक म्हणजे शासनाला दिलेले शुल्क. नोटरीचा शिक्का म्हणजे अमुक माणसाने आपल्यासमोर सही केली, एवढाच दाखला. नोंदणी म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात पक्षकारांनी हजर राहून दस्त करून दिल्याचे कबूल करणे आणि त्या दस्ताची शासकीय दप्तरात कायमची नोंद होणे. पहिल्या दोन गोष्टी कितीही नीटनेटक्या केल्या तरी त्यांनी तिसरीची उणीव भरून निघत नाही. लाल शिक्का, हिरवे तिकीट आणि गोल मोहोर पाहून शेतकरी निश्चिंत होतो. पण गहाणाच्या कामी त्या मोहोरेस नोंदणीचे मोल नाही.

मुद्रांकातील उणीव आणि नोंदणीतील उणीव यांतही मोठा फरक आहे. मुद्रांक शुल्क कमी भरले असेल तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे उरलेले शुल्क व दंड भरून दस्त पुराव्यात आणता येतो. नोंदणीची उणीव न्यायालयात पैसे भरून दूर होत नाही. दस्तावर निशाणी क्रमांक पडला, म्हणजे न्यायालयाने तो कामात दाखल करून घेतला, एवढ्याने तो गहाणाचा पुरावा ठरत नाही. विरुद्ध पक्षाने वेळीच हरकत घेतली नाही म्हणूनही ठरत नाही.

धनकोची बाजू

समजा, एका शेतकऱ्याने शेजाऱ्याकडून तीन लाख रुपये घेऊन दोन एकर जमीन नजरगहाण दिली. फेडीची मुदत दोन वर्षांची ठरली. कागद मुद्रांकावर झाला, साक्षी झाल्या, नोंदणी राहिली. रक्कम परत आली नाही. आपल्याकडे जमीन तारण आहे या भरवशावर शेजारी स्वस्थ राहिला आणि मुदत उलटून चार वर्षांनी त्याने दावा लावला.

हे गहाणखत नोंदलेले असते तर १९६३ च्या मुदत कायद्याच्या अनुच्छेद ६२ प्रमाणे, रक्कम देय झाल्यापासून १२ वर्षांच्या आत त्यास जमिनीवरून वसुली मागता आली असती. नोंदणी नसल्यामुळे जमीन तारण राहिलीच नाही. कागदातील रक्कम परत देण्याचे वचन मात्र गहाणापासून वेगळे काढता येते, आणि साधे कर्ज सिद्ध करण्यासाठी तोच कागद न्यायालय पाहू शकते. पण साध्या कर्जाच्या दाव्याची मुदत अवघी ३ वर्षांची आहे. चौथ्या वर्षी लावलेला दावा मुदतबाह्य ठरतो. शेजाऱ्याची जमीनही गेली आणि पैसाही गेला. मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने सहीनिशी कर्ज कबूल केले असते, किंवा काही रक्कम भरून तशी सहीची नोंद केली असती, तर मात्र त्या तारखेपासून नवी मुदत मिळाली असती.

याहून वाईट प्रसंग असा की, दरम्यान ऋणको तीच जमीन तिसऱ्या इसमास नोंदणीकृत खरेदीखताने विकतो. नोंदणी नसलेल्या गहाणाचा बोजा त्या खरेदीदारावर येत नाही. हातउसने देणारा धनको हा नेहमी धनाढ्य सावकारच असतो असे नाही. निवृत्त शिक्षक, विधवा बहीण, परगावी नोकरी करणारा भाऊ असे लोकही आपली शिल्लक याच रीतीने देऊन बसतात. नोंदणीचा खर्च वाचविण्याचा सल्ला त्यांस बहुधा घरातूनच मिळालेला असतो.

ऋणकोची बाजू

जमीन ताब्यात देऊन बसलेल्या शेतकऱ्याची अडचण निराळी असते. समजा, एका शेतकऱ्याने दोन लाख रुपये घेऊन एक एकर जमीन ताबेगहाण दिली. कागद नोंदला नाही. आठ वर्षांनी तो पैसे घेऊन गेला तेव्हा धनको म्हणाला, "जमीन मी विकत घेतली आहे, वहिवाट माझी, पीकपाहणीत नाव माझे."

अशा वेळी शेतकऱ्याने गहाण सोडविण्याचा दावा लावल्यास त्यास प्रथम गहाण सिद्ध करावे लागेल, आणि तेथेच तो अडेल. सबब अशा प्रकरणात दावा गहाणाच्या पायावर न उभारता मालकीच्या पायावर उभारणे सोयीचे पडते. जमीन वडिलोपार्जित आहे किंवा अमुक नोंदणीकृत दस्ताने आली आहे, ती कोणास विकलेली नाही, म्हणून मालक या नात्याने ताबा मिळावा, असे त्याचे स्वरूप असते. विकत घेतली असे धनको म्हणत असेल तर नोंदणीकृत खरेदीखत दाखविणे त्याच्याकडे येते. जे नाही ते तो दाखवू शकत नाही. पीकपाहणीतील नाव हे जमीन कोण कसतो याची नोंद आहे. तेवढ्याने मालकी पालटत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद खरी मानली जाते हे खरे, तथापि विरुद्ध पुरावा येईपर्यंतच.

मग धनको दुसरा पवित्रा घेतो आणि बारा वर्षे उलटली असल्यास प्रतिकूल कब्जाने मालकी मिळाल्याचे सांगतो. येथे पेटीतील तो नोंदणी नसलेला कागद उपयोगी पडतो. कलम ४९ च्याच परंतुकाप्रमाणे असा दस्त आनुषंगिक गोष्टीसाठी, म्हणजे जी गोष्ट मूळ व्यवहाराहून वेगळी काढता येते आणि जिला स्वतःला नोंदणी लागत नाही अशा गोष्टीसाठी, पुराव्यात घेता येतो. ही गोष्ट मूळ व्यवहारापासून खरोखर स्वतंत्र असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका भाडेपट्ट्याच्या निकालात स्पष्ट केले आहे. दस्तातील मुख्य अटच आनुषंगिक म्हणून मागील दाराने आत आणता येत नाही. ताब्याचे स्वरूप ही मात्र अशी आनुषंगिक गोष्ट मानली गेली आहे. धनको जमिनीत कोणत्या नात्याने शिरला, मालक म्हणून की कर्जापोटी, एवढे दाखविण्यास तो कागद चालतो. कर्जापोटी शिरला असे दिसले की त्याचा ताबा आरंभापासून मालकाच्या संमतीचा ठरतो, आणि संमतीचा ताबा कितीही वर्षे चालला तरी तेवढ्याने प्रतिकूल होत नाही. त्याने मालकाचा हक्क उघडपणे नाकारून जमीन स्वतःची म्हणविण्यास प्रारंभ केला, तेथपासून बारा वर्षे मोजावयाची. म्हणून धनकोने फेरफारासाठी अर्ज केल्याची वा खरेदीचा दावा केल्याची बातमी कानी येताच शेतकऱ्याने स्वस्थ बसू नये. बारा वर्षांच्या ताब्याने धनकोस गहाण घेणाऱ्याचा मर्यादित हक्क मिळतो, असे मानणारे काही न्यायनिर्णय आहेत. तथापि त्या हक्कासही जमीन सोडवून घेण्याची पुस्ती जोडलेलीच असते.

नोंदणी नाही म्हणून घेतलेले पैसे बुडविता येतील, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. ताबा परत देताना घेतलेली रक्कम फेडण्याची अट न्यायालय घालू शकते. पैसे परत देण्याची तयारी दाव्यातच लिहिणाऱ्या शेतकऱ्याची बाजू अधिक स्वच्छ दिसते.

कूळकायद्याचाही येथे संबंध येतो. पश्चिम महाराष्ट्र व कोकणात लागू असलेल्या १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ४ प्रमाणे दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा कूळ मानला जातो. पण ताबेगहाण घेऊन कसणारा त्यातून वगळलेला आहे. धनकोने उद्या कुळाचा हक्क सांगितला तर तो कोणत्या नात्याने जमिनीत आला हा प्रश्न पुन्हा उभा राहतो. तो कागद तेव्हा हाताशी असलेला बरा.

खरेदीखताच्या रूपातील गहाण

सर्वांत घातक प्रकार अद्याप राहिला. यात नोंदणी होते, पण ती भलत्याच दस्ताची. धनको कर्ज देताना साधे खरेदीखत नोंदवून घेतो, आणि पैसे परत केल्यास जमीन परत देईन अशी चिठ्ठी वेगळ्या कागदावर, बहुधा नोंदणीशिवाय, लिहून देतो. शेतकरी दोन्ही कागदांस मिळून गहाण समजतो. कायदा तसे समजत नाही. १९२९ च्या दुरुस्तीने कलम ५८ मध्ये असे घालण्यात आले की, परत देण्याची शर्त विक्रीच्या त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानता येणार नाही. शर्त निराळ्या कागदावर गेली की खरेदीखत हे खरेदीखतच राहते.

हा डाव जुना आहे. कर्जरोख्यांच्या जाचाने गांजलेल्या शेतकऱ्यांनी मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांचे रोखे जाळले आणि तो उठाव पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी विशेष कायदा झाला. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्त ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा अशी तजवीज त्यात होती. पुढे खरेदीखताआड दडलेले कर्ज तोंडी पुराव्याने उघड करण्याची मुभाही न्यायालयांस त्यात देण्यात आली. तो कायदा पुढे रद्द झाला आणि ती विशेष मुभाही गेली.

तरी आज दोन वाटा मोकळ्या आहेत. खरेदीखत अंमलात आणावयाचेच नव्हते, ते केवळ नाममात्र होते, असे म्हणणे असेल तर त्यासाठी तोंडी पुरावा देता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली महाराष्ट्रातीलच एका घराच्या प्रकरणात दिला. त्या घराचे खरेदीखत कर्जाच्या वेळी करून दिलेले होते. दुसरी वाट महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ च्या कलम १८ ची आहे. सावकारीच्या व्यवहारात तारण म्हणून जमीन खरेदी, गहाण, पट्टा किंवा अन्य रूपाने सावकाराकडे गेली असेल, तर त्या कायद्यातील मुदतीच्या आत अर्ज आल्यास जिल्हा निबंधक चौकशी करून तो दस्त अवैध ठरवू शकतो आणि जमीन परत देववू शकतो. हा निबंधक सहकार खात्याचा, दस्तनोंदणी कार्यालयातील नव्हे. अर्जदार पुष्कळदा चुकीच्या दारात उभे राहतात. एखाद्या नातलगाने वा शेजाऱ्याने प्रसंगविशेषी दिलेले उसने पैसे म्हणजे सावकारी नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

राहिलेली नोंदणी

दस्तावर सही झाल्यापासून ४ महिन्यांच्या आत तो नोंदणीस हजर केला पाहिजे. अनिवार्य कारणाने ती मुदत चुकल्यास आणखी ४ महिन्यांपर्यंत, नोंदणी शुल्काच्या दहापटीपर्यंत दंड भरून, निबंधकाच्या हुकुमाने तो घेता येतो. त्यापुढे तो दस्त नोंदता येत नाही. उभयपक्ष राजी असल्यास नवा दस्त करून तो वेळीच नोंदवावा. जमिनीचा सगळा किंवा काही भाग ज्या दुय्यम निबंधकाच्या हद्दीत येतो तेथेच जावे. मुदतीत नोंदलेला दस्त नोंदणीच्या नव्हे तर करून दिल्याच्या तारखेपासून अंमलात येतो.

दुसऱ्या पक्षाने नोंदणीस येण्याचे नाकारले तर हात टेकण्याचे कारण नाही. दुय्यम निबंधकामार्फत त्यास बोलावून घेता येते. त्याने येऊन दस्त करून दिल्याचेच नाकारले व नोंदणी फेटाळली गेली, तर ३० दिवसांत निबंधकाकडे अर्ज करावयाचा असतो, आणि तेथेही नकार मिळाल्यास पुन्हा ३० दिवसांत दिवाणी न्यायालयात नोंदणीसाठी दावा लावता येतो. या मुदती फार आखूड आहेत. ग्रामसेवकाकडे असा कागद आला तर मजकूर वाचण्यापूर्वी त्याने सहीची तारीख पाहावी.

साक्षीदारांविषयीही हयगय होते. प्रत्येक साक्षीदाराने करून देणाऱ्यास सही करताना पाहिलेले असावे, किंवा सही केल्याची कबुली त्याच्या तोंडून ऐकलेली असावी, आणि त्याच्यासमक्ष आपली सही केलेली असावी. कागद घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या म्हणजे साक्षांकन नव्हे. दस्त लिहिणाऱ्याची सहीही आपोआप साक्षीदाराची होत नाही. गहाणखत न्यायालयात शाबीत करण्यास साक्षांकन करणारा निदान एक साक्षीदार हजर करावा लागतो, असे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे; दस्त नोंदलेला असून करून देणाऱ्याने तो स्पष्टपणे नाकारला नसेल तर तितकीही गरज पडत नाही. साक्षीदार वृद्ध निवडण्याची आपल्याकडे चाल आहे. बारा वर्षांनी जबानी देऊ शकेल असा एक तरुण त्यांत असावा.

नोंदणी झालेल्या ताबेगहाणाचे बळ किती, ते २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील एका प्रकरणात सांगितले आहे. फेडीची मुदत न ठरलेल्या ताबेगहाणात जमीन सोडविण्याची ३० वर्षे दस्ताच्या तारखेपासून धावत नाहीत. रक्कम उत्पन्नातून वा रोखीने फिटेपर्यंत सोडवणुकीचा हक्क जिवंत राहतो. मात्र आदिवासी खातेदाराची जमीन गैरआदिवासीकडे गहाण टाकण्यास संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे पूर्वमंजुरी लागते, तेथे नुसती नोंदणी पुरत नाही. भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीबाबतही तहसील कार्यालयात आधी चौकशी करावी.

गहाण नोंदल्यावर तलाठ्याकडून इतर हक्काच्या रकान्यात त्याची नोंद झाली की नाही, ते उतारा काढून पाहावे. रक्कम भरताना प्रत्येक वेळी पोच घ्यावी. मूळ गहाणखताच्या पाठीवर रक्कम पोचल्याची नोंद करून घेण्यास वेगळी नोंदणी लागत नाही. पूर्ण फेड झाल्यावर मात्र गहाण सुटल्याचा दस्त नोंदवून घ्यावा व बोजा कमी करण्याची नोंद मागावी.

कज्जा उभा राहिलाच तर वकिलाकडे जाताना तो नोंदणी नसलेला मूळ कागद, जुने सातबारा व फेरफार उतारे, पैसे दिल्या-घेतल्याच्या पोचपावत्या आणि बँकेचे पुस्तक बरोबर न्यावे. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांस उत्पन्नाचा विचार न करता, तर इतरांस ठरलेल्या उत्पन्नमर्यादेत, तालुका विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. मूळ कागद कोणाच्याही हवाली करण्यापूर्वी त्याची छायाप्रत काढून ठेवावी. नोंदलेला दस्त हरवला तर दुय्यम निबंधकाकडून त्याची प्रमाणित नक्कल मिळते. नोंदणी नसलेला कागद हरवला तर शासनाच्या कोणत्याही दप्तरात त्याची दुसरी प्रत नसते.